वैद्य घडतो कोठे? पडद्यापुढे की रुग्णशय्येपाशी?



मार्च २०२०च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात एक विलक्षण विसंगती दिसू लागली. महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात एकेका खाटेसाठी नातेवाइकांची वणवण चालली होती. निवासी डॉक्टर आणि आंतरवासिता करणारे तरुण संरक्षक पोशाखात घामाने निथळत रात्रपाळ्या करीत होते. आणि त्याच महाविद्यालयाचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी मात्र आपापल्या गावी, माळ्यावर नाहीतर अंगणात बसून, मोबाईलच्या पडद्यावर हृदयाचे चार कप्पे शिकत होते. समाजाला वैद्याची निकड सर्वाधिक असताना उद्याचा वैद्य रुग्णापासून सर्वांत लांब बसलेला होता. कोकणात पशुवैद्यक शाखेच्या एका विद्यार्थिनीला मोबाईलची रेंज मिळावी म्हणून घरच्यांनी डोंगरावर झोपडी उभारून दिली. त्या वर्षी ही बातमी घरोघर कौतुकाने वाचली गेली. तिच्या जिद्दीला नमस्कारच केला पाहिजे. मात्र पुढच्या पिढीच्या वैद्यांनीही याच मार्गाने शिकावे काय, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

१ डिसेंबर २०२०पूर्वी महाविद्यालये उघडावीत, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने सुचविले. पुढे दुसरी लाट आली, पुन्हा खंड पडला आणि यथावकाश वर्ग भरू लागले. पण संकटकाळात अंगवळणी पडलेली सवय संकटाबरोबर गेली नाही. ‘घरबसल्या एवढे शिकता येते, मग व्याख्यानगृहात कशाला जायचे?’ असे विद्यार्थी विचारू लागले. ‘समोर चेहरा नसेल तर शिकवायचे कोणाला?’ असे अध्यापक विचारू लागले. आणि लाखो रुपये शुल्क भरणारा पालक या दोघांकडे आळीपाळीने पाहात राहिला.

या तिघांपैकी विद्यार्थ्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, कारण वडीलधारी मंडळी ते सहसा ऐकत नाहीत. दीडशे-दोनशे मुलांच्या व्याख्यानगृहात शेवटच्या बाकावर बसलेला, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला हिंगोलीचा किंवा नंदुरबारचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. अध्यापक भराभर इंग्रजीत बोलतात, फळ्यावरची आकृती अर्धी दिसते, शंका विचारायला जीभ रेटत नाही. हाच मुलगा ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान रात्री वसतिगृहाच्या खोलीत चार वेळा थांबवतो, मागे नेतो, शब्दाचा अर्थ पाहतो आणि त्याला मूत्रपिंडाचे कार्य कळते. हे कळणे खोटे नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यशिक्षणातील इंटरनेटच्या वापरावर झालेले सुमारे दोनशे अभ्यास एकत्र तपासून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहीच न शिकवण्याच्या तुलनेत इंटरनेटवरील शिक्षणाचा परिणाम मोठा आढळला. प्रचलित पद्धतीशी तुलना केली तेव्हा फरक सरासरीने अल्प निघाला, कुठे इकडे झुकणारा तर कुठे तिकडे. म्हणजे केवळ माहिती पोहोचवायची असेल तर पडदा हा फळ्याहून हलका नाही. जुन्या पद्धतीच्या अभिमान्यांनी हे मोकळेपणाने मान्य करावे. पिवळ्या पडलेल्या टिपणवहीतून वर्षानुवर्षे तीच व्याख्याने वाचून दाखविणाऱ्या अध्यापकाला गुरुपरंपरेचे नाव देऊन झाकता येणार नाही.

अध्यापकांची तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पडद्यावर शंभर काळे चौकोन, प्रत्येकात एक नाव. कोण ऐकतो आहे, कोण झोपला आहे, कळत नाही. वर्गात एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली की जाणता शिक्षक तिथेच थांबतो आणि तोच मुद्दा दुसऱ्या उदाहरणाने सांगतो. ती आठीच दिसेनाशी झाली. तरीही ही अडचण शरीरशास्त्राच्या अध्यापकाची जेवढी, तेवढीच इतिहासाच्या अध्यापकाची. वैद्यकाचा प्रश्न याच्या पलीकडे सुरू होतो.

छातीवर बोट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकणे ही तपासणीची जुनी रीत. व्हिएन्नात काम करणाऱ्या लिओपोल्ड ऑएनब्रुगरने ती १७६१ साली प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंप वाजवून आत द्रव कुठवर आहे हे ओळखायची युक्ती त्याने बालपणी पाहिलेली, असे सांगितले जाते. फुप्फुसाभोवती पाणी साचले असेल तर ठोकताना येणारा आवाज जड होतो, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. ती ओळ पाठ करायला अर्धे मिनिट लागते. पण तो जडपणा आधी बोटाला जाणवतो आणि मग कानाला, आणि बोटाला तो जाणवू लागण्यासाठी कित्येक निरोगी व रोगी छात्या ठोकाव्या लागतात. तीच गोष्ट प्लीहेची. डाव्या बरगडीखाली हात ठेवून रुग्णाला श्वास घ्यायला सांगायचे, त्या श्वासाबरोबर खाली येणारी प्लीहेची कडा बोटांना क्षणभर स्पर्शून जाते. विद्यार्थी पहिल्यांदा चाचपतो तेव्हा त्याला काहीच लागत नाही. दहाव्यांदा लागल्याचा भास होतो. केव्हातरी ती खरोखर लागते, आणि शेजारी उभे असलेले सर नुसते मान हलवतात. हे मान हलवणे कोणत्याही उत्तम चित्रफितीत नाही, कारण चित्रफितीला विद्यार्थ्याचे बोट कुठे आहे ते दिसत नाही.

या भूमीतील वैद्यांना हे नवे नव्हते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायाचा विषयच हाताचा सराव हा आहे. सर्व शास्त्र पढलेल्या शिष्याकडूनही आधी सराव करवून घ्यावा, असे तिथे बजावले आहे, आणि तो कशावर करायचा तेही बारकाईने सांगितले आहे. छेद देण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. रक्तमोक्षणासाठी शीर वेधण्याचा सराव मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. जखमेत शलाका घालून शोध घेण्याचा सराव किड्यांनी पोखरलेल्या लाकडावर आणि बांबूवर. शरीरात रुतलेले बाहेर ओढण्याचा सराव फणस, तोंडले आणि बेलफळाच्या गरावर. खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर, टाके घालण्याचा जाड-पातळ वस्त्रांवर आणि मऊ कातड्यावर, पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. आज वैद्यकीय महाविद्यालयांत ‘स्किल लॅब’ अनिवार्य केली गेली आहे आणि तिथे रबराच्या हातावर सुई टोचण्याचे, प्लास्टिकच्या छातीवर हृदय दाबण्याचे शिक्षण मिळते. कल्पनेचे मूळ पाहिले तर कोहळ्याची जागा रबराने घेतली आहे.

याच ग्रंथाच्या शारीरस्थानात शवविच्छेदनाची रीत आहे. देह अतिवृद्धाचा, विषाने मेलेल्याचा वा दीर्घ आजाराने खंगलेल्याचा नसावा. तो गवताने आणि सालींनी वेढून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात आडबाजूला सात रात्री ठेवावा. नंतर वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हलकेच घासत त्वचेपासून आतपर्यंतचा प्रत्येक थर डोळ्यांनी पाहावा. पुस्तकात वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले एकत्र आले म्हणजे ज्ञान वाढते, हा त्या प्रकरणाचा आशय. केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ हात चालवणारा या दोघांनाही सुश्रुताने अपुरे मानले आहे आणि त्यासाठी एकाच पंखाच्या पक्ष्याची उपमा योजिली आहे. आज कोणी सुश्रुताचे नाव घेऊन संगणकाला नावे ठेवील, तर त्याने ही उपमा अर्धीच वाचली असे समजावे.

पुढे या परंपरेत खंड पडला, शवाला स्पर्श निषिद्ध ठरला, हेही लपवण्याचे कारण नाही. १८३५ साली कलकत्त्यात वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी तिथे शवविच्छेदन केले तेव्हा ती घटना केवढी गाजली! गुप्त हे मुळात आयुर्वेद शिकलेले पंडित. ज्या हातांनी सुश्रुत वाचला त्याच हातांनी त्यांनी शस्त्र धरले, हा योगायोग मानायचा की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते जमशेटजी जिजीभॉय रुग्णालयाच्या सोबतीने. महाविद्यालय आणि रुग्णालय ही जोडी तेव्हापासून ठरलेली. १९२६ साली परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय उभे राहिले तेव्हा देणगीदारांची अट होती की तिथले अध्यापक भारतीयच असावेत. शिकवणारा कोण आणि शिकायचे कोणाच्या शय्येपाशी, या दोन्ही गोष्टींचे मोल त्या पिढीला कळत होते.

अमेरिकेलाही हा धडा पैसे मोजून शिकावा लागला. एकोणिसाव्या शतकात तिथे खासगी वैद्यकीय शाळांचे पेव फुटले होते. शुल्क भरायचे, दोन हिवाळे व्याख्याने ऐकायची आणि पदवी घेऊन बाहेर पडायचे. प्रयोगशाळा नाही, रुग्ण नाही. अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ शाळा स्वतः फिरून पाहिल्या आणि १९१० साली अहवाल दिला. त्यानंतर अशा कित्येक शाळांना टाळे लागले. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. रुग्णालयाशिवाय चालणारी वैद्यकीय शाळा म्हणजे काय, हे ओळखायला डॉक्टर असण्याची गरज त्यांना भासली नाही.

आता आपल्या घरांशी थेट संबंध असलेला भाग. २०२०च्या आरंभी चीनमध्ये शिकणारे भारतीय विद्यार्थी साथीमुळे परतले आणि दोन वर्षांहून अधिक काळ परत जाऊ शकले नाहीत. त्यांचे उरलेले शिक्षण पडद्यावर झाले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा तिथे सुमारे अठरा हजार भारतीय विद्यार्थी होते, त्यांतले बहुतेक वैद्यकाचे. ‘ऑपरेशन गंगा’मधून त्यांना सुखरूप आणले गेले, देशाने अभिमान बाळगावा अशीच ती मोहीम होती. पण विमानतळावरचे हारतुरे सुकले आणि घरात प्रश्न उभा राहिला, की पुढे काय? राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने केवळ ऑनलाईन घेतलेल्या वैद्यकीय शिक्षणाला मान्यता नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ एप्रिल २०२२च्या निकालात न्यायालयाने प्रत्यक्ष रुग्णांवरील प्रशिक्षणाला पर्याय नसल्याचे मानले, मात्र या मुलांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून आयोगाला योजना आखायला सांगितले. त्यानुसार अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांसाठी एक वर्षाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता आली. मार्च २०२३ मध्ये शेवटच्या वर्षात अडकलेल्यांना भारतात परीक्षा देण्याची एकवार संधी मिळाली आणि त्यानंतरही दोन वर्षांची आंतरवासिता होतीच.

या निर्णयाने अनेक मध्यमवर्गीय घरे हादरली. कोणी शेत गहाण टाकले होते, कोणी भविष्य निर्वाह निधी काढला होता. ‘मुलाने परीक्षा दिली, गुण मिळवले, मग दोष कोणाचा?’ हा त्या पालकांचा प्रश्न अत्यंत करुण आहे. त्यांना साधे ‘नियम तो नियम’ म्हणून उत्तर देता येत नाही. तरी दुसऱ्या बाजूला उभे राहून पाहावे. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या आईला घेऊन तोच पालक रुग्णालयात पोहोचला आणि समोरच्या डॉक्टरने आजवर एकही रुग्ण हाताने तपासलेला नसेल, तर? आयोग कठोर वागला, मात्र अन्यायाने वागला असे म्हणवत नाही. अन्याय झाला असेल तर तो पदवी विकताना या मर्यादा न सांगणाऱ्या दलालांकडून झाला.

इथवर ऐकून भारतातच प्रवेश मिळालेल्या मुलांच्या पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. पडद्याचे खरे अतिक्रमण आता त्यांच्याच घरात आहे. एमबीबीएसनंतर पदव्युत्तर प्रवेशासाठी दोनशे बहुपर्यायी प्रश्नांची संगणकीय परीक्षा असते. तिची तयारी करून देणारी मोबाईलवरील शिकवणी आता अनेक विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच घेतात. सकाळी वॉर्डमध्ये राउंड चालू असतो आणि विद्यार्थी ग्रंथालयात कानाला यंत्र लावून कोणा नामवंत शिक्षकाचे व्याख्यान दीडपट वेगाने ऐकत असतो. प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थितीचा नियम आहे. तो कागदावर पाळला जातो. आंतरवासितेचे वर्ष हे हात बसण्याचे एकमेव सलग वर्ष, तेही अभ्यासाच्या रजेसारखे वापरले जाते. यात मुलाला बोल लावणे सोपे आहे. पण ज्या परीक्षेत प्लीहा चाचपता येते की नाही हे कोणी विचारतच नाही, तिच्यासाठी त्याने वॉर्डात का उभे राहावे? दोष परीक्षेच्या रचनेत आहे, आणि परीक्षा घेणारे अनुभवी आहेत हे त्याहून आश्चर्याचे.

आणखी एक दुखरी जागा आहे. २०१४ च्या सुमारास देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. २०२४ पर्यंत त्या एक लाख दहा हजारांच्या पुढे गेल्या. एवढ्या मोठ्या देशाला डॉक्टर हवेत, म्हणून ही वाढ स्वागतार्हच. मात्र जागा कागदावर वाढवता येतात, रुग्ण वाढवता येत नाहीत. संगमरवरी इमारत, वातानुकूलित व्याख्यानगृह आणि ओस पडलेला वॉर्ड, तपासणीच्या दिवशी खाटांवर आणून झोपवलेली गावातली धडधाकट माणसे, हे प्रकार वैद्यक क्षेत्रातल्या कोणालाही ऐकून नवे नाहीत. अशा ठिकाणचा विद्यार्थी रोज उपस्थित राहूनही ऑनलाईनच शिकत असतो, असे म्हणावे लागेल. ‘पारंपरिक’ म्हणून ज्या शिक्षणाची बाजू घ्यायची, ते तिथे मुळात आहे काय, हे आधी पाहायला नको का?

रुग्णाजवळ थांबण्याने काय साधते, याचे उदाहरण महाडमध्येच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर नागपूरला शिकून रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशाने धट्टीकट्टी माणसे आणि मुले काही तासांत दगावत. हाती असलेल्या पुस्तकांत उपाय नव्हता. त्यांनी रुग्णाच्या शेजारी बसून रात्र रात्र नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, श्वास यांची नोंद ठेवली आणि हृदयावर व फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामांचा क्रम टिपला. त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या दंशावर वापरण्याचा उपचार पुढे आला. ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकाने १९८०च्या दशकात त्यांचे निष्कर्ष छापले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज हा उपचार कोणीही विद्यार्थी मोबाईलवर दहा मिनिटांत वाचू शकतो, आणि वाचावाच. पडद्यावर जे ज्ञान दिसते ते कुणीतरी, कुठेतरी, खाटेशेजारी जागून मिळवलेले असते.

तंत्रज्ञानाकडे शत्रू म्हणून पाहणे मात्र आत्मघातकी ठरेल. सप्टेंबर २००४ मध्ये भारताने खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला तेव्हाही नाके मुरडणारे होतेच. आज ‘ई-संजीवनी’वर कोट्यवधी सल्ले दिले गेले आहेत. भामरागडसारख्या ठिकाणचा तरुण वैद्यकीय अधिकारी अवघड बाळंतपणात पडद्यावर ज्येष्ठ तज्ज्ञाला गाठू शकतो. परंतु पलीकडचा तज्ज्ञ विचारतो, ‘गर्भाशयमुख किती उघडले आहे? पोट कडक लागते का?’ या प्रश्नांची उत्तरे अलीकडच्या हाताने द्यायची असतात. तो हात शिकलेला नसेल तर उत्तम जोडणी असूनही सल्ला निरुपयोगी होतो. विषयाची ओळख, औषधांची माहिती, सूक्ष्मदर्शकातली चित्रे, दुर्मीळ रोगांच्या चित्रफिती हे सारे पडद्यावर न्यावे आणि व्याख्यानगृहातले वाचलेले तास वॉर्डाला द्यावेत. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी वाचलेले तास वॉर्डाकडे जात नाहीत, शिकवणीकडे जातात.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून वेगळा संस्कार आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी स्थापिलेल्या या संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पहिल्याच वर्षी मुले त्या गावात मुक्कामाला जातात. चुलीच्या धुराने कोंडलेले घर, विहिरीची अवस्था, सुनेच्या रक्तक्षयाबद्दल सासूसमोर न बोलता येणारी सून, हे तिथे दिसते. २०२२ पासून आयोगाने सर्वच महाविद्यालयांत विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम आणला, तो याच विचारातला. त्यातही वह्या घरी बसून भरल्या जाऊ लागल्या तर पुन्हा तेच. सेवावस्तीत आरोग्यकेंद्र चालवणारे जे कार्यकर्ते इथे आहेत, त्यांनी जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना रविवारच्या सकाळी बोलावून घ्यावे. रक्तदाब मोजताना म्हातारीचा हात कसा धरावा, हे त्यांना तिथे शिकता येईल आणि वस्तीलाही उपयोग होईल.

आणि ज्यांच्या घरी यंदा प्रवेशाची धावपळ आहे त्यांनी माहितीपुस्तिकेतली छायाचित्रे बाजूला ठेवावीत. शनिवार-रविवार सोडून एखाद्या सोमवारी सकाळी साडेनऊ-दहाला, कोणालाही न कळवता, त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग आहे का, बाह्यरुग्ण विभागात बाके भरली आहेत का, वॉर्डातल्या खाटेभोवती पांढऱ्या कोटातली मुले उभी आहेत का आणि त्यांच्यातल्या एखाद्याचा हात रुग्णाच्या पोटावर आहे का, ते पाहावे. मग शुल्काचा धनादेश लिहावा.